सीमेबाहेरचा नारळ

१

गावपळण आटोपून खांबडी गाव परत आलं, आणि हायस्कुलातलं कपाट फुटलेलं सापडलं.

ज्याला गावपळण ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगते. मसुऱ्यापलीकडे खाडीकाठच्या या गावात तीन-चार वर्षांनी एकदा देव कौल देतो आणि अख्खं गाव तीन दिवस सीमेबाहेर राहायला जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, पाळण्यातलं पोर, अंथरुणाला खिळलेली म्हातारी, सगळी. सड्यावर, म्हणजे सीमेपलीकडच्या कातळाच्या माळावर, झोपड्या उभ्या राहतात, रात्रभर भजनं चालतात, मटणाच्या वासानं कुत्री वेडी होतात. गावात मात्र चिटपाखरू नाही. ते तीन दिवस गाव देवाचं. त्यात कोणी आत पाऊल टाकलं तर पळण मोडली, आणि सगळ्या गावानं बिऱ्हाड उचलून पुन्हा बाहेर पडायचं, अशी तिथली रीत.

अशा रिकाम्या गावात मुख्याध्यापकांच्या खोलीतलं कपाट कोणीतरी पहारीनं उचकटलं होतं. फीचे पैसे जागच्या जागी होते. भिंतीवरचं घड्याळ होतं, शिक्के होते. गेलं होतं फक्त एक पाकीट. गावानं हात जोडले आणि म्हटलं, सीमेची राखण करणाऱ्या देवचारानं नेलं.

देवचाराला पाकीट कशाला लागतं, हे मला कोणी सांगितलं नाही.

मी आनंदी घाडी, ओरोसच्या जिल्हा परिषदेत शिक्षण विस्तार अधिकारी. ही गोष्ट डिसेंबर २००५ची. मी रागीट आहे असं कचेरीत म्हणतात, आणि ते खरं आहे. शिक्षकांच्या प्रमाणपत्रांवर 'वर्तणूक चांगली' असं डोळे मिटून लिहिणाऱ्यांवर माझा फार राग आहे. नासका आंबा आपल्या पेटीतून काढून दुसऱ्याच्या पेटीत सरकवायची ती युक्ती असते, आणि ती करणारे स्वतःला सज्जन समजतात.

त्या बुधवारी सकाळी खांबडीची तुळसा माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. मासे विकणारी बाई. पाटी बाहेर व्हरांड्यात ठेवून आली होती.

"बाय, माजा चेडू, माजी रिया, खोटा बोलता म्हणतत," ती म्हणाली. "पाच चेडवांनी मिळान कागद लिवल्यानी. माज्या रियान आणि आणखी चौघींनी. खाली पाच आयशींचे आंगठे. तो शेलार मास्तर कसो वागता ता सगळा लिवलेला. मिया सोता गावडे सरांच्या हातात पाकीट दिलंय. आता पाकीट गेला, आणि बाकीच्या चौघींचे बापूस म्हणतत, आमका काय म्हायत नाय."

"पोलिसात?"

"थंय म्हणतत, कागद घेवन ये नायतर चौघींका घेवन ये." तिनं पदरानं तोंड पुसलं. "सोमवारी तो सावंतवाडीच्या बाजूक चेडवांच्या शाळेत जातलो. थंय वसतिगृह आसा. चांगलो म्हणान दाखलो घेवन जातलो. माका ता होवक द्यायचा नाय."

वसतिगृह हा शब्द ऐकून माझ्या हातातलं पेन थांबलं.

२

आमच्या खात्याचा नियम सरळ आहे. शिक्षकाच्या गैरवर्तनाची तक्रार आली की मुख्याध्यापकानं ती लगेच वर पाठवायची. पाठवली नाही तर शिक्षकाइतकाच तोही दोषी. नियम वाचायला सोपा, पाळायला जड.

खांबडीचे मुख्याध्यापक परशुराम गावडे सर मे महिन्यात निवृत्त व्हायचे होते. स्वच्छ लेंगा-सदरा, मऊ आवाज, टेबलावर रांगोळी काढल्यासारखी मांडलेली पेनं. मी खांबडीला पोचले तेव्हा जेवायची वेळ झाली होती, म्हणून त्यांनी घरी नेलं. मीही नाही म्हटलं नाही. चौकशी करायची तर माणूस जेवत असताना करावी. भरल्या तोंडी खोटं बोलणं अवघड जातं.

"पाकीट आलं होतं हे मी नाकारत नाही, मॅडम," ते कचेरीतल्या मराठीत म्हणाले. "पण बंद होतं. दुसऱ्या दिवशी गाव बाहेर निघायचं. मी ते तसंच कपाटात ठेवलं. आत काय होतं, देव जाणे."

"उघडून पाहिलं नाही?"

"फी-माफीचा अर्ज असेल म्हटलं."

उघडलं असतं तर त्याच दिवशी वर पाठवावं लागलं असतं. न उघडलेल्या पाकिटाची जबाबदारी कोणावरच नाही. उत्तर कसं घडीव होतं बघा, बोट शिरेल अशी फटसुद्धा नाही.

"ते कपाटात आहे हे कोणाला माहीत होतं?"

"मला. शिपाई लवूला, तो तिथंच उभा होता. शाळा समितीचे अध्यक्ष नाना खोत, त्यांच्या कानावर घातलं मी. आणि नानांनी यतीन शेलार सरांना सांगितलं असणार." त्यांनी सुस्कारा सोडला. "शेलार गावात राहत नाहीत, मसुऱ्यात खोली घेऊन असतात. पळणीच्या वेळी ते आमच्यात नव्हते. मी कोणावर आळ घेत नाही. पण तुम्हीच विचार करा."

म्हणजे आळ घेऊन झाला होता.

त्यांच्या पत्नी सुशीलाबाईंनी माझ्या ताटात तळलेला बांगडा वाढला. सरांच्या ताटात डाळ आणि भात.

"बुधवारी डाळ?" मी विचारलं. आमच्याकडे बुधवारी ज्याच्या ताटात मासा नाही तो एकतर आजारी, नाहीतर जावयाशी भांडलेला.

"पोट जरा बिघडलंय," सर म्हणाले.

सर हात धुवायला गेले तेव्हा सुशीलाबाई हळूच म्हणाल्या, "पोटाक काय्येक जावक नाय. सड्यावरसून परत इल्यापासून असाच चल्लाहा. काल बांगड्याचा तिखला केलंय, तर ताट सरकवन उठले. कारण सांगनत नाय."

मी तेव्हा त्याच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. मला शेलार हवा होता, आणि तो मसुऱ्यात बसला होता.

३

यतीन शेलार खानावळीत कोंबडीवर ताव मारत होता. तिशीतला, गुळगुळीत दाढी, मनगटात जाड कडं. मी समोर बसले तरी तो उठला नाही.

"गावपळणीच्या दिवसांत कुठं होतात?"

"इथंच. या बाकावर. खानावळवाल्याला विचारा." त्यानं तंगडी सोलली. "तसं जाऊन कपाट फोडायला मला कोण अडवणार होतं, मॅडम? तो सीमेवरचा दगड? मी घाटावरचा माणूस. तुमच्या दगडाला मी घाबरत नाही. पण मी जाऊ कशाला? चौघींचे बाप तसेही गप्प आहेत. पाचवी मासेवालीची. तिचं कोण ऐकतं?"

तिथल्या तिथं ताट त्याच्या डोक्यावर उपडं करावं असं वाटलं. केलं नाही, आणि त्याचं आजही वाईट वाटतं.

"सोमवारी दाखला घेऊन सावंतवाडीला रुजू होतोय," तो हसत म्हणाला. "यायचं असलं तर या पेढे खायला."

इतका निर्लज्ज माणूस चोरून काही करेल हे मला पटेना. चोरी लाज असलेल्याला करावी लागते. आणि याला नसेल, तर मग त्या गावात लाज होती कोणाला?

४

नाना खोत ओटीवर सुपारी कातरत होते. मानकऱ्यांचं घर, दारात बोलेरो. त्यांनी मला आग्रहानं बसवलं, सुरमईचा तळलेला तुकडा पुढे केला आणि स्वतः दोन खाल्ले.

"मॅडम, त्या मुलींची उद्या लग्नं व्हायचीत," ते म्हणाले. "मी सड्यावर चौघींच्या बापांना बसवून समजावलं. कागदावर नाव गेलं की ते पुसता येत नाही. मास्तर जातोय. पीडा गेली. अजून काय पाहिजे?"

"तो जिथं जातोय तिथंही मुली आहेत, नाना."

"त्या गावालाही देव आहे ना?" नाना म्हणाले आणि बोटं चाटली.

त्यांच्याविषयी मला काय वाटलं ते छापण्याजोगं नाही.

शिपाई लवूच्या घरी पाणीसुद्धा मिळालं नाही, कारण सुतक होतं. पळणीला निघायच्या आदल्या रात्री त्याचा चुलता वारला होता. सड्यावरही त्यांची झोपडी वेगळी, देवाच्या कामाला शिवायचं नाही, ताटात आळणी भात. "माका कायच म्हायत नाय, बाय," एवढंच तो दहा वेळा म्हणाला.

शुक्रवार आला. चार माणसं, चार तोंडं, हातात काही नाही. ओरोसच्या गाडीची वाट पाहत मी देवळासमोरच्या पिंपळाखाली उभी होते. तेवढ्यात देवळातला बाबली गुरव आला, त्यानं आजूबाजूला पाहिलं, आणि म्हणाला, "बाय, तुमी तुळसाच्या चेडवासाटी फिरतास मां? मगे माज्यावांगडा चला. एक वस्तू दाखवतंय."

५

बाबलीनं देवळाच्या कोठीतून एक नारळ काढला. सोललेला, शेंडी राखलेला, अखंड.

"परत येताना गावात पयलो पाय गुरवाचो पडता," तो म्हणाला. "मिया सगळ्यांच्या फुडे होतंय. सीमेच्या दगडाकडे ह्यो गावलो. तसोच पंचाखाली लपयलंय. कोणाक सांगूक नाय."

"नारळ ठेवतातच ना लोक तिथं?"

"ठेवतत. पण गाव सोडून जाताना, दगडाच्या भितरल्या अंगाक. ह्यो होतो भायल्या अंगाक. भायल्या अंगाक नारळ ठेवता तो आत येवची परवानगी मागता." त्याचा आवाज खाली गेला. "मधीच कोणतरी आत गेलो, बाय. पळण मोडली."

"आणि फोडलेला का नाही?"

"अख्खो नारळ म्हंजे देवाकडची उधारी. 'आता चुकतंय म्हाराजा, मागीर सगळ्यांदेखत फोडतंय.' तो फोडीसर ठेवणाऱ्यान मास-मच्छी तोंडाक लावची नसता. लायली तर वंश बुडता."

माझ्या डोळ्यांसमोर चार ताटं आली, एकामागून एक.

"रविवारी देवापुढे सगळ्या गावाचं गाऱ्हाणं आहे ना?" मी विचारलं. "पळण पार पडली म्हणून?"

"आसा."

"त्यात हे सांग."

बाबली दोन पावलं मागे सरला. "गाव माका खायत! भात मळूचा ऱ्हवलाहा. परत बिऱ्हाड उचलूचा म्हटला तर माका झोडतले. आणि नाना मानकरी."

"तू देवाचा गुरव की नानांचा?"

बाबलीनं नारळ पुन्हा पंचात गुंडाळला आणि कोठीला कुलूप घातलं. हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

६

रविवारी सकाळी देऊळ भरलं होतं. पुढे मानकरी, त्यांच्यात नाना. खांबाशी गावडे सर. लवू सुतकामुळे पार कुंपणाबाहेर. शेलारही आला होता, गंमत बघायला, आवाराच्या कडेला मोटारसायकलवर बसून. बायका एका अंगाला, त्यात तुळसा.

बाबली उभा राहिला. त्यानं आधी नानांकडे पाहिलं. मला वाटलं, हा कच खाणार. पण त्यानं पंचा सोडला आणि नारळ सगळ्यांना दिसेल असा उंच धरला.

"ह्यो सीमेच्या भायल्या अंगाक गावलो," तो म्हणाला. "कोणतरी आत गेल्लो. पळण मोडली."

जो गलका उठला तो मी विसरणार नाही. "कोण तो रांडेचो?" "भात मळूचा आसा, आता परत भायर जावचा?" "म्हातारेक परत उचलून खंय नेव?" आणि सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते ते त्या चौघींचे बाप. लेकींसाठी ज्यांच्या तोंडून शब्द निघाला नव्हता, त्यांना भातासाठी कंठ फुटला होता. मला त्यांचा राग आला आणि त्यांचाच उपयोग करायचा हेही मी तिथंच ठरवलं.

मी पुढे झाले. "मी बोलू का? तुम्हाला पुन्हा बाहेर जायचं नसेल तर ऐका."

नाना म्हणाले, "हे देवाचं काम आहे, मॅडम." पण मागून तेच चौघे बाप ओरडले, "बोलू देत!"

"आत गेलेला माणूस कपाटासाठी गेला," मी म्हणाले. "शाळेशिवाय गावात कशालाही हात लागलेला नाही. पाकीट कपाटात आहे हे चौघांनाच ठाऊक होतं. लोक म्हणतात, शेलार. पण शेलार सीमेच्या दगडाला नारळ ठेवणारा माणूस नाही. तसं तो मला स्वतः म्हणाला, कोंबडी खाता खाता. ज्यानं नारळ ठेवला त्याला या देवाची भीती आहे. म्हणजे चोर गावातला."

माना एकमेकांकडे वळल्या.

"लवूला सुतक आहे. सुतकातला माणूस देवापुढे नारळ ठेवत नाही. उरले दोघे. ज्याचा हा नारळ त्यानं तो फोडेपर्यंत मासा खायचा नाही. नानांनी परवा माझ्यासमोर सुरमईचे दोन तुकडे खाल्ले."

नानांनी नकळत मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना मासा खाल्ल्याचं श्रेय मिळत होतं.

"आणि एक माणूस गाव परत आल्यापासून डाळ-भात खातोय. बुधवारीसुद्धा."

सुशीलाबाईंनी तोंडावर पदर घेतला. मी बाबलीच्या हातातून नारळ घेतला आणि गावडे सरांसमोर धरला.

"सर, हा तुमचा नसेल तर तसं इथं सांगा. मी माफी मागून ओरोसला निघून जाईन."

सर माझ्याकडे पाहून मंद हसले. "मॅडम, नारळावरून कोणाला दोषी ठरवता येत नाही. कायद्यात—"

"कायदो ऱ्हवांदे!" बाबली गरजला, आणि गाभाऱ्याकडे तोंड करून त्यानं हात जोडले. "बा बारा-पाचाच्या देवा म्हाराजा! ज्या कोणाचो ह्यो नारळ आसात, तेच्या तोंडात खरा घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं देऊळ एका आवाजात म्हणालं.

"आणि जो खोटा बोलात, तेचो तू न्याय कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळे म्हणाले. नाना म्हणाले, कुंपणाबाहेरून लवू म्हणाला. गावडे सरांचे ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. मग त्यांचं ते घडीव मराठी एकदम गळून पडलं.

"माझो," ते म्हणाले. "नारळ माझो. मिया आत गेलंय. चावी आसताना कपाट मियाच फोडलंय, चोरी वाटूची म्हणान. पाकीट खाडयेत सोडलंय." त्यांनी नारळ घेतला आणि पायरीवर आपटला. एका घावात फुटला.

मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. चौघींचे बाप धावले आणि त्यांनी शेलारला हँडलसकट धरलं. आता त्यांना शौर्य सुचलं होतं. असो, धरलं तर खरं.

७

मानकऱ्यांनी घाईघाईनं निवाडा केला. नारळ फुटला, सरांनी दंड भरावा, देवानं पदरात घेतलं, पुन्हा बाहेर जायला नको. सगळ्यांचे चेहरे सैल झाले. नाना पुढे होऊन तुळसाला म्हणाले, "तुळशे, सरांनी देवाफुडे नाक घासल्यानी. शाळेच्या नावासाटी केल्यानी बिचाऱ्यांनी. तूय आता सोडून दी."

गावडे सर तिच्यासमोर हात जोडून उभे होते. "माफ कर गो."

तुळसानं त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "देवान घेतल्यान पदरात, बरा झाला. देवाक चेडू नाय. माका आसा. मिया घेवचंय नाय."

मला त्या क्षणी तिच्या पाया पडावंसं वाटलं.

"कागद गेलो मां?" ती मला म्हणाली. "आता काय करतलास?"

"कागद परत लिहायचा," मी म्हणाले. "सर लिहितील."

"मी?" गावडे सर पुन्हा कचेरीतल्या मराठीत शिरले. "पण पाकीट बंद—"

"बंद पाकिटासाठी कोणी देवचाराच्या वाटेला जात नाही, सर. तुम्ही ते वाचलंत, म्हणून गेलात. जे वाचलंत ते लिहा. मुख्याध्यापकाच्या हस्ताक्षरात, मुख्याध्यापकाच्या सहीनं. तुम्हाला पाठ असेल. असं वाचलेलं माणूस विसरत नाही."

मी देवळाचं आवार रिकामं करवलं. मुलींची नावं गावासमोर घ्यायची नव्हती, ती बंद लखोट्यातूनच जाणार होती. ओसरीवर शाळेचं टेबल आणलं. सर लिहायला बसले, मी एका बाजूला, तुळसा दुसऱ्या बाजूला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं रियाला बोलावून घेतलं. नववीतली मुलगी, घट्ट दोन वेण्या. ती सरांच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि ओळ उमटेल तशी वाचू लागली, मनातल्या मनात.

सर लिहीत गेले. वळणदार, फळ्यावरचं अक्षर. चौदा वर्षांच्या मुलींची वाक्यं त्या अक्षरात उतरत होती: वह्या तपासायच्या निमित्तानं कोणाला एकटं थांबवलं, रडल्यावर काय धमकी दिली. दोनदा त्यांनी पेन खाली ठेवलं. दोन्ही वेळा तुळसानं ते उचलून त्यांच्या हातात दिलं.

वाट पाहता पाहता मी मनात सोमवार मांडत होते. शाळा उघडताच सावंतवाडीला फोन. मग शिक्षणाधिकाऱ्यांपुढे हा कागद. मग पोलीस. शेलार आता कुठल्याच वर्गाच्या फळ्यासमोर उभा राहणार नव्हता. गावडे सरांचं काय, एवढंच माझ्या मनात अडलं होतं. शाळेच्या नावासाठी केलं म्हणाले तर वरचे लोक विरघळतात. समज देऊन सोडतात. मे महिना जवळ होता.

सरांनी शेवटचा पूर्णविराम दिला, पाचही नावं लिहिली, आणि सहीसाठी पेन वळवलं.

"सर," रिया म्हणाली. त्या दिवशी ती पहिल्यांदाच बोलत होती. "एक वाक्य राहिलं."

"सगळं लिहिलंय, बाळा."

"नाही सर. शेवटचं राहिलं. ते मी लिहिलं होतं." तिनं पुढे होऊन रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं. "'हे सगळं आम्ही गेल्या वर्षीच गावडे सरांना सांगितलं होतं. त्यांनी आम्हाला गप्प बसायला सांगितलं.'"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत विनवणी होती. मे महिना, निवृत्तीवेतन, पस्तीस वर्षांची नोकरी, सगळं त्या नजरेत होतं. मला सगळं दिसलं आणि मला जराही दया आली नाही.

"लिहा," मी म्हणाले.

त्यांनी लिहिलं. रियानं ते पूर्ण वाचून पाहिलं आणि आईकडे बघून मान हलवली.

"आता सय करा," तुळसा म्हणाली.